संपादकांच्या मेलमधले शब्द: कुठे थांबायचं, कुठे सही करायची

पत्र

मी कृषी पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. पाटण खोऱ्यातली जुनी बियाणी, पेरणीच्या पद्धती आणि त्यांच्याभोवतीच्या ओव्या यांवर पुस्तक लिहिलं आहे. पुण्यातल्या एका प्रकाशनसंस्थेने ते स्वीकारलं. तिथल्या संपादक ताई चांगल्या आहेत, पण त्यांचा मेल मला निम्माच कळतो. ‘कॉपी एडिट झालंय, क्वेरीज बघा. बदल ॲक्सेप्ट करा नाहीतर स्टेट लिहा. प्रेफेस आणि ब्लर्ब पाठवा. फोटो हाय रेझोल्यूशन हवेत. पोएम्सच्या परमिशन्स आल्यात का? सोबत ॲग्रीमेंटचा ड्राफ्ट आहे.’ प्रेफेस म्हणजे प्रस्तावना असं समजून मी एका ज्येष्ठ प्राध्यापकांना विनंती केली आणि त्यांनी ती लिहूनही दिली. आता ताई म्हणतात, ‘हे नव्हे, तुमचं लिहा.’ शिवाय वरईवर चार पानं वाढवायची आहेत, ती प्रूफाच्या वेळी घातली तर चालतील का? सही करण्याआधी करारात काय पाहू?

उत्तर

नमस्कार. तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी आज-उद्याच करायच्या आहेत, म्हणून आधी त्या सांगतो.

वरईची चार पानं आत्ता द्या, प्रूफाची वाट पाहू नका. कॉपी एडिट वर्ड फाइलवर होतं. तिथे मजकूर अजून सुटा असतो, चार पानं आली काय आणि गेली काय, कुणाचं काही बिघडत नाही. प्रूफ म्हणजे पानं लावून झाल्यानंतरची प्रत. पुस्तक फर्म्यांत, म्हणजे मोठा कागद छापून आणि घडी घालून होणाऱ्या पानांच्या संचांत, छापतात आणि पुस्तकांच्या नेहमीच्या डेमी आकाराचा एक फर्मा साधारणपणे १६ पानांचा असतो. समजा तुमचं पुस्तक १७६ पानांत, म्हणजे बरोबर ११ फर्म्यांत बसवलं आहे. प्रूफात चार पानं वाढवलीत की ते १८० होतं. मग एक अर्धा फर्मा जोडून १८४ करावी लागतात, चार पानं कोरी उरतात, त्यापुढच्या सगळ्या पानांचे क्रमांक सरकतात, अनुक्रमणिका आणि सूची पुन्हा करावी लागते, कण्याची जाडी बदलते म्हणून मुखपृष्ठाची फाइलही पुन्हा उघडावी लागते. याचा खर्च कोणी करायचा, हे बहुधा तुमच्या करारात ‘ऑथर्स करेक्शन्स’ किंवा ‘ऑथर्स ऑल्टरेशन्स’ या नावाखाली असेल. अनेक करारांत अशी तरतूद असते की लेखकाने प्रूफात केलेल्या बदलांचा खर्च अक्षरजुळणीच्या खर्चाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त झाला, तर वरची रक्कम लेखकाच्या मानधनातून कापली जाईल. जुळणी करणाऱ्याच्या चुका यात मोजत नाहीत. त्या दुरुस्त करणं हे त्यांचंच काम.

आता प्रेफेस. दुसऱ्या कुणी, बहुधा त्या विषयातल्या जाणत्या माणसाने लिहिलेली ती फोरवर्ड, म्हणजे आपली प्रस्तावना. लेखकाने स्वतः लिहिलेलं ते प्रेफेस, म्हणजे मनोगत: पुस्तक का लिहिलं, माहिती कशी जमवली, कोणत्या गावांत हिंडलात. इंट्रोडक्शन हा तिसरा प्रकार. ते विषयाचं प्रवेशद्वार असतं, बरेचदा मुख्य मजकुराचाच भाग असतं आणि वाचकाने ते वगळू नये अशी अपेक्षा असते. आभार वेगळे द्यायचे असतील तर ऋणनिर्देश. प्राध्यापकांचं लेखन मागे घेण्याचं काही कारण नाही. संपादक ताईंना सरळ कळवा की प्रस्तावना मिळाली आहे, ती ठेवायची का आणि तिच्यासाठी पानं धरता येतील का. त्या हो म्हणाल्या तर प्राध्यापकांकडून ‘या पुस्तकात छापायला संमती आहे’ अशी दोन ओळींची मेल घेऊन ठेवा. संपादनात प्रस्तावनेतही बदल होतील, ते त्यांना दाखवूनच करायचे हेही ठरवून टाका. नाही म्हणाल्या, तर प्राध्यापकांना फोन तुम्हीच करा, ते काम प्रकाशकांवर टाकू नका. तुमचं मनोगत सहाशे-सातशे शब्दांचं पुरे. अनुक्रमणिकेनंतर प्रस्तावना, मग मनोगत, मग ऋणनिर्देश हा रूढ क्रम आहे.

आता कॉपी एडिटची फाइल. एडिट हा एकच शब्द तीन-चार वेगवेगळ्या कामांसाठी वापरतात. प्रकरणांचा क्रम, काय कमी आहे, काय दोनदा आलं आहे, हे पाहणं म्हणजे डेव्हलपमेंटल एडिटिंग. वाक्यं घासूनपुसून नीट करणं म्हणजे लाइन एडिटिंग. शुद्धलेखन, नावं, आकडे, आधीच्या-नंतरच्या विधानांचा मेळ, उद्धृतं हे सगळं कॉपी एडिटिंग. आणि जुळणी झाल्यावर उरलेल्या चुका टिपणं म्हणजे प्रूफरीडिंग, आपलं मुद्रितशोधन. तुमच्या पुस्तकाचं कॉपी एडिट झालं आहे याचा अर्थ प्रकरणांची रचना कुणी तपासली असेलच असं नाही. ती तपासायला हवी असं वाटत असेल तर आत्ताच विचारा.

फाइल उघडलीत की ट्रॅक चेंजेस, म्हणजे केलेला प्रत्येक बदल दाखवणारी वर्डमधली सोय, चालू आहे ना, हे आधी पाहा. ते बंद असताना केलेला बदल संपादकांना दिसत नाही, आणि तुमची नवी चूक तशीच छापली जाते. ‘ॲक्सेप्ट ऑल’ दाबू नका. प्रत्येक बदल वाचा. पटला तर ॲक्सेप्ट. पटला नाही तर रिजेक्ट करून समासात ‘स्टेट’ लिहा. हा मूळचा लॅटिन शब्द, अर्थ ‘होतं तसं राहू द्या’. कागदी प्रूफावर खोडलेल्या शब्दाखाली टिंबांची ओळ देऊन समासात हाच शब्द लिहितात. मात्र नुसता स्टेट लिहून भागत नाही, कारणही लिहा. ‘कुरी’ (पेरणीचं अवजार) खोडून संपादकांनी ‘पाभर’ केलं असेल, तर ‘स्टेट, आमच्या भागात कुरीच म्हणतात’ असं लिहा, म्हणजे पुढच्या प्रकरणातही तो शब्द वाचेल. त्याहून चांगलं म्हणजे बोलीतल्या अशा शब्दांची एक यादी करून द्या: कुरी, मोगडा, तरवा, जे असतील ते. ही यादी त्यांच्या स्टाइल शीटला जोडायला सांगा.

हाउस स्टाइल म्हणजे त्या संस्थेची लेखनपद्धती आणि स्टाइल शीट म्हणजे तुमच्या पुस्तकापुरते झालेले निर्णय: वरी की वरई, नाचणी की नागली, अंक देवनागरी की इंग्रजी, ‘केले’ की ‘केलं’. शुद्धलेखनासाठी बहुतेक मराठी प्रकाशक मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे आणि त्यानंतर भर घातलेले नियम धरतात. तिथे वाद घालण्यात वेळ घालवू नका. शब्द कोणता वापरायचा, हा मुद्दा मात्र तुमचा आहे.

क्वेरी म्हणजे संपादकांचा लेखकाला प्रश्न. यात सर्वांत जास्त गोंधळ होतो तो उत्तराच्या पद्धतीमुळे. समजा प्रश्न असा आहे: ‘पान ४३ वर नाचणीची पेरणी मृगात म्हटली आहे, पान ११२ वर लावण पुनर्वसूत. कोणतं बरोबर?’ तुम्हाला माहीत आहे की दोन्ही बरोबर. मृगात तरवा (लावणीसाठीची रोपं) टाकतात आणि रोपं तीन-चार आठवड्यांची झाली की लावण करतात. पण ‘दोन्ही बरोबर’ किंवा ‘ओके’ असं उत्तर दिलंत, तर संपादकांच्या हाती काहीच लागत नाही. आणि खरं पाहता ही शंका शहरातल्या प्रत्येक वाचकाला येणार आहे. म्हणून उत्तरात छापायचं वाक्यच द्या: ‘पान ४३ वर असं करावं: मृगात तरवा टाकतात आणि महिन्याभराच्या आत, पुनर्वसूच्या सुमारास लावण करतात.’ एकेका क्वेरीला असंच उत्तर द्या, एकाच फाइलमध्ये द्या, आणि ती एकदाच पाठवा. तीन वेगवेगळ्या मेलमध्ये तीन फाइली गेल्या की त्यांतली एक हमखास राहून जाते.

यानंतर प्रूफ येईल. गॅली प्रूफ हा खिळेजुळणीच्या, म्हणजे धातूची अक्षरं जुळवून छापण्याच्या, काळातला शब्द. गॅली म्हणजे जुळवलेले खिळे ठेवायचा पत्र्याचा लांबट ट्रे, आणि त्यावरून काढलेली, पानं न पाडलेली लांब पट्टी म्हणजे गॅली प्रूफ. आता जुळणी थेट पानांतच होते, त्यामुळे कुणी गॅली म्हणालं तरी तुमच्यासमोर येईल ते बहुधा पेज प्रूफ, म्हणजे पीडीएफ. पहिलं प्रूफ, त्यातल्या दुरुस्त्या झाल्यावर दुसरं, शेवटी फायनल. तुम्हाला किती प्रूफं मिळणार, हे विचारून घ्या. फक्त एकच मिळणार असेल तर दुसरंही मागा, कारण दुरुस्ती करताना नवी चूक घुसते ती शक्यतो त्याच परिच्छेदात. ती शोधायची तर दुरुस्त झालेलं पान पुन्हा पाहण्यावाचून इलाज नाही.

मराठी पुस्तकाच्या प्रूफात एक खास धोका असतो, तो नीट समजून घ्या. तुम्ही युनिकोडमध्ये टाइप केलं आहे, पण काही ठिकाणी पानं लावणारे अजूनही जुन्या फाँटप्रणालीत काम करतात, म्हणून मजकूर एका प्रणालीतून दुसरीत रूपांतरित होतो. या रूपांतरात पहिला बळी जातो तो ऱ्य आणि ऱ्ह यांच्यातल्या आडव्या अर्ध्या र चा. हा र संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. रूपांतरात ते टिंब किंवा ते जोडचिन्ह गळालं की संगणक त्याचा सरळ रफार करून टाकतो. मग ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, म्हणजे डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ होतं आणि स्वयंपाक करणारी माणसं गुरुजन होऊन बसतात. दोन्ही शब्द शुद्ध असल्याने शुद्धलेखन तपासणारी प्रणालीही त्यांना पकडत नाही. तुमच्या पुस्तकात तर ‘खोऱ्यातलं’ हा शब्द पानोपानी असणार. तो एकदा ‘खोर्यातलं’ झाला तर सगळीकडे होईल. म्हणून पहिलं प्रूफ हाती येताच, वाचायला बसण्याआधी, दहा पानांत फक्त हे शब्द शोधा. बिघडले असतील तर एकेक दुरुस्त करत बसू नका. ‘रूपांतरात आडवा र गेला आहे, फाइल पुन्हा रूपांतरित करा’ असं कळवा आणि नवं प्रूफ मागा.

त्याच बैठकीत आणखी तीन गोष्टी पाहा: ल आणि श यांची वळणं मराठी आहेत की हिंदी, ‘ॲ’ नीट उमटला आहे का, आणि जोडाक्षरं फुटून हलन्ताचा पाय उघडा दिसतो आहे का. हे पीडीएफमध्ये शोधखिडकीतून शोधू नका. जुन्या फाँटची पीडीएफ असेल तर शोध काहीच दाखवत नाही आणि सगळं ठीक आहे असा समज होतो. कागदावर छापून वाचा.

वाचन दोनदा करा. एकदा एडिट केलेली फाइल शेजारी ठेवून, ओळीला ओळ लावून. आकडे आणि गावांची नावं दुसऱ्या कुणाकडून मोठ्याने वाचून घ्या. दुसऱ्यांदा मजकूर वाचायचाच नाही, फक्त सांगाडा तपासायचा: अनुक्रमणिकेतली नावं प्रकरणांच्या नावांशी जुळतात का, रनिंग हेड म्हणजे पानाच्या माथ्यावरचं शीर्षक त्या त्या प्रकरणाचंच आहे का, फोलिओ म्हणजे पानांचे क्रमांक सलग आहेत का, फोटो आणि त्याखालच्या ओळी यांची अदलाबदल झाली आहे का. या टप्प्यावर एखादं वाक्य बदलावंच लागलं, तर जितकी अक्षरं घालाल तितकी त्याच परिच्छेदातून काढा. विडो आणि ऑर्फन, म्हणजे पानाच्या माथ्यावर किंवा तळाशी एकटीच पडलेली परिच्छेदाची ओळ, दिसली तर बाजूला खूण करा, सोडवायचं काम पानं लावणाऱ्यांचं.

फोटोंबाबत थोडक्यात. छपाईला ज्या आकारात फोटो जाणार त्या आकारात इंचाला ३०० ठिपके लागतात. चार इंच रुंद छापायचा असेल तर फोटो किमान १२०० पिक्सेल रुंद हवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलात की तो दाबून लहान होतो, म्हणून मोबाइलमधली मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राइव्हवरून द्या. रंगीत फोटो पुस्तकभर विखुरणार की आर्ट पेपरवरच्या आठ-सोळा पानांत एकत्र येणार, हे विचारा, कारण त्यावर तुमच्या मजकुरातलं ‘शेजारच्या चित्रात पाहा’ खरं ठरणार की खोटं, हे अवलंबून आहे.

ब्लर्ब म्हणजे मलपृष्ठावरचा मजकूर. काही जण त्याला पाठराखण असंही म्हणतात. गेलेट बर्जेस या अमेरिकन विनोदी लेखकाने १९०७ साली हा शब्द घडवला. अमेरिकेत आता इतरांच्या कौतुकाच्या ओळींनाही ब्लर्ब म्हणतात, त्यामुळे ताईंना यांतलं काय हवंय ते विचारा. परिचय हवा असेल तर शंभर-सव्वाशे शब्द, तृतीय पुरुषात लिहा. पुस्तकात काय मिळेल ते सांगा, ‘अत्यंत वाचनीय’ वगैरे टाळा.

कवितांची परवानगी हे काम करारात बहुधा लेखकाच्या गळ्यात असतं. भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. मृत्यू झालेल्या वर्षानंतरच्या १ जानेवारीपासून ही ६० वर्षं मोजतात. बा. सी. मर्ढेकर १९५६ साली गेले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कविता २०१७पासून मुक्त आहेत. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, तेव्हा त्यांच्या कवितांना २०५९च्या अखेरपर्यंत संरक्षण आहे. मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाची मुदत प्रकाशनापासून मोजतात. कवीचं नाव छापलं म्हणजे परवानगी मिळाली, असं होत नाही. पूर्ण कविता घ्यायची तर हक्कधारकाकडून लेखी परवानगी हवी. तुम्ही स्वतः बायकांकडून ऐकून टिपलेल्या पारंपरिक ओव्यांना ही अडचण नाही. पण कुण्या छापील संग्रहातून घेतल्या असतील तर त्या संग्रहाचा उल्लेख करा आणि टिपा-अर्थ उचलू नका, ते संपादकाचं लेखन असतं.

आता करार, आणि इथे घाई नको. आधी ‘असाइन’ आणि ‘लायसन्स’ यांतलं कोणतं क्रियापद आहे ते शोधा. असाइन म्हणजे हक्क त्यांच्या नावे करून देणं. लायसन्स म्हणजे हक्क तुमच्याकडे ठेवून वापरायची परवानगी देणं. तुम्हाला लायसन्स पुरेसं आहे. एक्सक्लुझिव्ह लिहिलं असेल तर तेवढ्या मुदतीत दुसऱ्या कुणाला देता येणार नाही. ते चालेल, पण मुदत, भाषा, प्रदेश आणि स्वरूप हे चारही मोजून लिहा: मराठी भाषा, छापील पुस्तक, अमुक वर्षं. कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम १९ नुसार असाइनमेंटमध्ये मुदत लिहिलीच नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरतात, आणि हक्क घेऊन वर्षभरात वापरले नाहीत तर, करारात वेगळं काही नसल्यास, ते परत येतात. पण हे सगळं ‘लिहिलं नसेल तर’ आहे. ‘इन पर्पेच्युइटी’, म्हणजे कायमचं, आणि ‘थ्रूआउट द वर्ल्ड’ असं मसुद्यात छापलेलं असेल तर ती ढाल गेली. हे शब्द खोडायला सांगा. सब्सिडिअरी राइट्स म्हणजे भाषांतर, ऑडिओ, ई-बुक, चित्रपट. जे ते स्वतः करणार नाहीत ते त्यांना देऊ नका, दिलंत तर उत्पन्नातला वाटा आकड्यात लिहून घ्या.

रॉयल्टीत टक्केवारीपेक्षा ती कशावर आहे हे महत्त्वाचं. पुस्तकाची किंमत ३०० रुपये, रॉयल्टी १० टक्के. छापील किमतीवर असेल तर प्रतीमागे ३० रुपये. ‘नेट रिसीट्स’वर, म्हणजे विक्रेत्याची सूट वजा जाऊन हाती येणाऱ्या रकमेवर असेल, आणि सूट ४० टक्के असेल, तर हाती येतात १८० आणि तुम्हाला १८. हजार प्रती विकल्या गेल्या तर ३०,००० आणि १८,०००, एवढा फरक. ॲडव्हान्स हे जादाचं मानधन नव्हे, पुढच्या रॉयल्टीतून ते वळतं होतं. प्रती कमी विकल्या तरी ते परत द्यावं लागणार नाही, हे मात्र लिहून घ्या.

मराठीत सर्वांत जास्त फसगत होते ती एडिशन आणि इम्प्रेशन यांत. एडिशन म्हणजे आवृत्ती: मजकुरात ठळक फेरफार झाला की नवी. इम्प्रेशन म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापणं, पुनर्मुद्रण. आपल्याकडे दोन्हींना सर्रास आवृत्तीच म्हणतात. तुमचं मानधन एकरकमी ‘पर एडिशन’ असेल आणि संस्था पुनर्मुद्रणांवर पुनर्मुद्रणं काढत राहिली, तर कागदोपत्री ती पहिलीच आवृत्ती राहते आणि तुम्हाला पुन्हा काही मिळत नाही. यावर उपाय एकच, प्रिंट रन म्हणजे छापायच्या प्रतींची संख्या करारात आकड्यात लिहिणं: ‘हे मानधन पहिल्या १००० प्रतींसाठी, त्यानंतर छापलेल्या प्रत्येक खेपेसाठी वेगळं.’ ‘आउट ऑफ प्रिंट’ झाल्यावर हक्क परत कधी येणार, त्याचंही कलम हवं. प्रती संपल्यावर सहा महिने किंवा वर्षभरात पुन्हा छापल्या नाहीत तर लेखी सूचनेने हक्क परत, असं लिहा. छापतील तेव्हा छापतील अशा भरवशावर राहू नका.

आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा १३ अंकी ओळखक्रमांक. त्याने तुम्हाला कॉपीराइट मिळत नाही, तो पुस्तक लिहिल्याबरोबर आपोआप मिळालेला असतो. भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था मोफत देते, म्हणून त्याच्या नावाखाली मोठी रक्कम मागितली तर विचारा. कुणी छपाईचे पैसे किंवा ठरावीक प्रती विकत घ्यायची अट घातली, तर तो स्वखर्चाने प्रकाशनाचा व्यवहार झाला. मग छापलेल्या प्रती कुणाच्या मालकीच्या, हा प्रश्न रॉयल्टीच्याही आधी येतो.

छपाईला सोडण्याआधी तुमच्याकडे ‘पास फॉर प्रेस’ची मेल येईल. त्यावर ‘ओके’ लिहिलंत की यानंतरच्या चुका तुम्ही मान्य केल्यात असं धरतात. म्हणून ती मेल आली की मुखपृष्ठ, कणा आणि मलपृष्ठ एकत्र दाखवणारी पीडीएफ मागवा. तिच्यात तुमच्या नावाचं लेखन, किंमत, बारकोडखालचे १३ अंक आतल्या पानावरच्या अंकांशी जुळतात का, आणि कण्यावरच्या नावातला ‘खोऱ्या’ शाबूत आहे का, एवढं पाहा. मगच उत्तर पाठवा, आणि प्रूफाच्या सगळ्या फेऱ्यांच्या फाइली तारखेसह जपून ठेवा. करारात ‘छपाईनंतर अंतिम पीडीएफ लेखकाला द्यावी’ अशी एक ओळही घालून घ्या. पुढे हक्क परत आले तर पुन्हा जुळणी करावी लागणार नाही.